टोनी केचे पन्नास पौंड

चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. शनिवारच्या संघात कोण आहे, कोणाचा गुडघा दुखावला आहे, असे तुझा एक जुना सहकारी आता दर आठवड्याला विचारतो आणि ते सांगण्यात तुला काही वावगे वाटत नाही, असे तू लिहिले आहेस. तू इंग्लंडमधील एका फुटबॉल क्लबचा करारबद्ध खेळाडू आहेस, म्हणून तिथल्याच एका खेळाडूची हकीकत तुला सविस्तर सांगतो.

टोनी के हा शेफील्ड वेन्सडे संघाच्या मधल्या फळीतला तडफदार खेळाडू होता. 1 डिसेंबर 1962 रोजी त्यांचा सामना इप्सविच टाउनशी, इप्सविचच्या मैदानावर होता. आज काय होईल असे तुला वाटते, असे डेव्हिड लेन या सहकाऱ्याने त्याला सामन्यापूर्वी विचारले. इथे आपण कधीच जिंकत नाही, असे के म्हणाला, तेव्हा लेनने सांगितले की मग 50 पौंड दे, दुप्पट करून देतो. बोलणे एवढेच झाले. पीटर स्वान हा इंग्लंडकडून खेळणारा बचावपटूही त्यात सामील झाला. या तिघांनी आपलाच संघ हरेल यावर पैसे लावले आणि संघ खरोखरच 2-0 असा हरला.

लेनकडे हा प्रस्ताव आला कोठून, हे नीट लक्षात घे. तो घेऊन आला होता जिमी गॉल्ड, स्विंडन टाउनमधला त्याचा जुना सहकारी. ज्याच्याबरोबर एका खोलीत कपडे बदलले, त्याच्याविषयी मनात संशय येत नाही आणि अशा माणसांचे फावते ते नेमके यामुळेच. पुढे याच गॉल्डने आपली हकीकत ‘संडे पीपल’ या वृत्तपत्राला विकली आणि जुन्या सोबत्यांशी झालेले बोलणे गुपचूप ध्वनिमुद्रित करून दिले.

मधल्या काळात केचे नशीब फळफळले होते. त्याच डिसेंबरमध्ये एव्हर्टनने सुमारे 60,000 पौंड मोजून त्याला घेतले, 1963 मध्ये तो संघ लीग विजेता ठरला आणि जूनमध्ये बाझल येथे स्वित्झर्लंडला 8-1 असे हरवणाऱ्या इंग्लंडच्या संघात खेळून त्याने एक गोलही केला. त्याला संधी देणारे प्रशिक्षक होते आल्फ रॅम्झी, म्हणजे ज्या इप्सविचविरुद्ध तो सामना झाला, त्याच संघाचे तेव्हाचे व्यवस्थापक. एप्रिल 1964 मध्ये ती बातमी छापून आली आणि जानेवारी 1965 मध्ये नॉटिंगहॅमच्या न्यायालयाने गॉल्डला चार वर्षांची, तर या तिघांना प्रत्येकी चार महिन्यांची कैद सुनावली. इंग्लंडमधील या खेळाची नियामक संस्था असलेल्या फुटबॉल असोसिएशनने त्यांच्यावर आजन्म बंदी घातली. रॅम्झींच्या संघाने 1966 मध्ये विश्वचषक जिंकला, तेव्हा सत्ताविशी-तिशीतले हे खेळाडू मैदानाबाहेर होते. बंदी उठली 1972 मध्ये. स्वान काही काळ पुन्हा खेळला. के मात्र लीगमध्ये परतलाच नाही.

मला सर्वांत अस्वस्थ करते ते पुढचे. ज्या वृत्तपत्राने हे प्रकरण उघडकीस आणले, त्यानेच त्या सामन्यातला उत्कृष्ट खेळाडू म्हणून केची निवड केली होती. तो कदाचित जीव तोडून खेळलाही असेल, पण पैज लावल्यानंतर ते सिद्ध करण्याची सोयच उरली नाही. स्वानने तर अनेक वर्षांनी सांगितले की आम्ही तो सामना सरळ खेळूनच हरलो, पण आम्ही जिंकत असतो तर मी काय केले असते, हे मलाही ठाऊक नाही. स्वतःच्या खेळाविषयी असे म्हणण्याची पाळी यावी, यापरती शिक्षा मला दिसत नाही. चार महिने संपतात. हा प्रश्न संपत नाही.

तू पैज लावलेली नाहीस, हे खरे. तथापि 2014 पासून इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंना आणि त्याखालच्या काही स्तरांवरच्या, म्हणजे तुझ्याही क्लबच्या, खेळाडूंना जगातल्या कोणत्याही फुटबॉल सामन्यावर पैज लावण्यास मनाई आहे आणि संघातली जाहीर न झालेली माहिती पैजेसाठी दुसऱ्याला पुरवणे हाही नियमभंगच आहे. तुझ्या मित्राचा हेतू काय, याची शहानिशा करणे तुझे काम नव्हे. इंग्लंडकडून खेळणाऱ्या आयव्हन टोनीला 2023 मध्ये पैजेविषयीच्या 232 नियमभंगांबद्दल आठ महिने मैदानाबाहेर बसावे लागले आणि त्याला जुगाराचे व्यसन असल्याचे वैद्यकीय निदानही त्या सुनावणीत पुढे आले. तो सावरला, पुन्हा इंग्लंडकडून खेळला, याचा मला मनापासून आनंद आहे. तुला स्वतःला कधी तसा मोह झाला, तर लाजेपोटी लपवू नकोस. मला रात्री-अपरात्री फोन कर.

आता तातडीचे. मित्राला एका ओळीत कळव की संघाविषयी मी यापुढे काहीही सांगणार नाही. कारणे देत बसू नकोस. त्याचे जुने निरोप पुसून टाकू नकोस, कारण शनिवारच्या आत तुझ्या व्यवस्थापकांना भेटून ते जसेच्या तसे दाखवायचे आहेत. भेट झाली की मला कळव.

तुझा,
शुभचिंतक