सायकिअ‍ॅट्रीच्या दोन आठवड्यांत काय शिकायचं

तुझा प्रश्न असा की मानसोपचार विभागातलं पोस्टिंग जेमतेम दोन आठवड्यांचं, परीक्षेत मेडिसिनच्या पेपरात थोडंसं येणार, मग नेमकं काय वाचू. वाचायचं नंतरही जमेल रे, आधी विचारायला शिक. मी इंटर्न असताना फवारणीचं औषध प्यायलेले पेशंट यायचे, पोट धुवायचो, अ‍ॅट्रोपिन (त्या विषावरचा उतारा) द्यायचो, जगला की डिस्चार्ज, पण "का घेतलंस बाबा" हे मी एकालाही विचारलं नाही. त्याचं आजही वाईट वाटतं.

सगळ्यांना भीती असते की विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल. तसं होत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. नातेवाइकांना बाहेर पाठव, सासूसमोर सून काय बोलणार? मग साध्या शब्दांत, "एवढा त्रास होतोय, तर जगूच नये असं वाटतं का कधी?" हो म्हणाली तर पुढे जा, जीव द्यायचा विचार येतो का, कसं करायचं ते ठरवलंय का, घरात फवारणीच्या औषधाचा डबा कुठे असतो. हा शेवटचा प्रश्न सोडू नकोस, कारण तो डबा त्याच दिवशी घरातून हलवायला सांगायचाय. आणि घरचे पोलिसांच्या भीतीनं "चुकून प्यायली" म्हणतात, तेव्हा 2017 चा मानसिक आरोग्य कायदा माहीत हवा, कलम 115 नुसार जीव द्यायचा प्रयत्न केलेली व्यक्ती प्रचंड तणावाखाली होती असंच धरलं जातं, म्हणून तिला शिक्षा नाही. एमएलसी (पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल नोंद) करायचीच, पण धमकावायचं नाही.

दुसरं, वेड लागलंय असं ठरवायची घाई नको. एकदा ऑर्थोमधून, म्हणजे हाडांच्या वॉर्डातून, कॉल आला, मांडीचं हाड मोडलेला माणूस, तिसऱ्या रात्री चादर चिवडतोय, भिंतीवर किडे दिसतायत, तुमच्याकडे हलवा म्हणे. जाऊन बघतो तर घामानं निथळतोय, हात थरथरतायत, नाडी 130. बायको म्हणाली रोज पितात, अ‍ॅडमिट झाल्यापासून थेंब नाही. डेलिरियम ट्रेमेन्स, दारू सुटल्यावर साधारण 48 ते 96 तासांत होतं आणि जीव घेतं. थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) आधी, डेक्स्ट्रोज (ग्लुकोज) नंतर, सोबत शांत करणारं लोराझेपाम. अचानक सुरू झालं, रात्री वाढतं, वार-तारीख कळत नाही, डोळ्यांना काहीबाही दिसतं, असं असेल तर आधी शरीरात कारण शोध.

औषधांचं थोडक्यात: हॅलोपेरिडॉलनंतर (भास-भ्रमांवरचं औषध) मान वाकडी झाली तर प्रोमेथाझिन दे, लिथियमवाल्याला (मूड स्थिर ठेवायचं औषध) जुलाब लागले किंवा कोणी पेनकिलर दिलं तर रक्तातली लिथियमची लेव्हल बघ, आणि डिप्रेशनच्या गोळीला दोन ते चार आठवडे लागतात हे पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर आठ दिवसांत बंद करतात.

पोस्टिंगमध्ये रोज एका पेशंटपाशी फाइल न उघडता अर्धा तास बस. आणि टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 नंबर पाठ कर, पेशंटसाठी, आणि हॉस्टेलवरच्या मित्रांसाठीही.