वाचक विचारतात : सुदानहून आलेल्या पत्राला काय उत्तर लिहू?

प्रश्न : नमस्कार. पुण्यात बीफार्मला असताना सुदानची एक मुलगी माझी रूममेट होती, राजधानी खार्टुमला लागून असलेल्या बहरीची. युद्ध सुरू झालं त्याच आठवड्यात तिने मला वहीच्या कागदावर पत्र लिहिलं होतं पण पाठवणार कसं, ते तसंच राहिलं, आता तिचा भाऊ कैरोला पोचलाय त्याने फोटो काढून पाठवलं. लिहिलंय की शनिवारी सकाळी गोळीबाराने जाग आली, ईदचे कपडे आणलेले तसेच पडलेत, खिडक्यांपासून लांब म्हणून सगळे पॅसेजमध्ये गाद्या टाकून झोपतो, नळाला पाणी नाही, आणि आम्ही कुणाच्याच बाजूचे नाही हे सांगायचं तरी कुणाला. ती सध्या ओमदुरमानला मावशीकडे आहे. तिला काय लिहू? आणि माझे सासरे देवळालीला तोफखान्यात होते, ते विचारतात की सैन्य आपल्याच राजधानीत कसं काय लढतं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांचं सांगते, कारण ते कळलं की पत्रातलं शेवटचं वाक्य नीट कळतं. तिथे बंदूकवाले दोन होते. एक लष्करप्रमुख जनरल बुरहानचं सरकारी सैन्य आणि दुसरं हेमेदती नावाच्या म्होरक्याचं आरएसएफ, म्हणजे रॅपिड सपोर्ट फोर्सेस हे निमलष्करी दल. देशाच्या पश्चिमेकडच्या दारफुर भागात ज्या जंजावीद नावाच्या सशस्त्र टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली त्यांच्यातूनच २०१३ मध्ये हे आरएसएफ सरकारनेच उभं केलं, पुढे त्यांच्या हातात सोन्याचा धंदा आला, म्हणजे पगारासाठीही कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. २०१९ मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून राष्ट्राध्यक्ष बशीरला घालवलं, २०२१ मध्ये या दोघांनी मिळून सत्ता घेतली, आणि मग आरएसएफने सैन्यात कधी विलीन व्हायचं यावर फाटलं, सैन्य म्हणत होतं दोन वर्षांत, ते म्हणत होते दहा. १५ एप्रिल २०२३ ला भर रमजानात भडका उडाला. मैत्रिणीला यातलं काही कुणी विचारलं होतं का? म्हणून तिला 'तुम्ही कुणाच्या बाजूने' हे चुकूनसुद्धा विचारू नका.

'तेव्हाच का नाही निघालीस' हेही नको. आपली माणसं भारत सरकारच्या सुटका मोहिमेतून, ऑपरेशन कावेरीतून पोर्ट सुदानमार्गे जेद्दाला आणि तिथून भारतात आली, पण तिचं तर घरच तिथे, ती कुठे येणार? नळाचं म्हणाल तर बहरीचा पाणीपुरवठा पहिल्याच दिवसांत बंद पडला, निळी नाईल आणि पांढरी नाईल जिथे एकत्र येतात त्या शहरात माणसं बादल्या घेऊन फिरत होती. मार्च २०२५ मध्ये सैन्याने खार्टुम परत घेतलं, तरी दारफुरमध्ये अल फाशर हे शहर ऑक्टोबर २०२५ मध्ये आरएसएफच्या हाती गेलं आणि तिथून जे ऐकू आलं ते वाचवत नाही. एक कोटीच्या वर लोकांना घर सोडावं लागलंय. घरातलं कुणी 'आपल्याला काय त्याचं' म्हणालं तर मैत्रिणीचं पत्रच वाचून दाखवा.

तिला मात्र यातलं काही लिहू नका, ती हे जगतेय. पत्र मिळालं, सगळं वाचलं, असं आधी सांगा. मग ईदचे कपडे कुठल्या रंगाचे होते ते विचारा, तिने मुद्दाम लिहिलंय ना ते. तुमच्या घरचं लिहा, मुलांचं, गोदेला पूर आला का त्याचं, अगदी भाजीचं सुद्धा. आपलं सुख कसं सांगायचं असा संकोच वाटेल, पण तीन वर्षं जी फक्त युद्धाच्याच बातम्या ऐकतेय तिला हेच हवं असेल असं मला मनापासून वाटतं.

व्हॉइस नोट नको, साधा टेक्स्ट पाठवा, तिथे नेटचा भरवसा नसतो, फेब्रुवारी २०२४ मध्ये तर जवळजवळ अख्ख्या देशाचं बंद होतं. उत्तर महिनाभर नाही आलं तरी लिहीत राहा. आणि एक, खार्टुम-बहरीकडची घरं फार लुटली गेली, तिची डिग्री-मार्कशीट शिल्लक आहे का ते भावाला विचारा, नसेल तर डुप्लिकेटसाठी काय लागतं ते तुम्ही इथून पुण्याला जाऊन विद्यापीठात विचारू शकता, तिला तिथून ते जमणार नाही. होस्टेलचे फोटोही पाठवा, साइज कमी करून, एकेक.