वाचकांचे प्रश्न : देशाचा मध्यबिंदू नेमका कोठे?

प्रश्न : आमच्या सहावीतल्या मुलीला शाळेत भारताचा मध्यबिंदू कटनी जिल्ह्यातील करौंदी हा असल्याचे सांगितले. तिचे नागपूरचे आजोबा मात्र तेथील झिरो माइलच्या खांबावर ठाम आहेत. खरे कोणाचे मानावे? — एक पालक, इंदूर

उत्तर : झिरो माइलचा १९०७ सालचा खांब हा सर्वेक्षणाचा आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्याची ती प्रमाण खूण आहे आणि त्यावर हैदराबाद, जबलपूर, शिवनी अशा गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. त्या खांबाचे मोल त्यातच आहे. देशाचा मध्य ही त्याची ओळख लोकांच्या तोंडून रूढ झाली. आपल्या शेजारच्या उज्जैनचेही असेच आहे. प्राचीन ज्योतिषात तेथून रेखांश मोजत, पण म्हणून ते देशाचे केंद्र ठरत नाही.

मध्य काढण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे चार टोकांच्या मधला बिंदू घेणे. मुख्य भूमी ८°४' ते ३७°६' उत्तर अक्षांश आणि ६८°७' ते ९७°२५' पूर्व रेखांश यांच्या दरम्यान पसरलेली असल्याने हा बिंदू २२°३५' उत्तर, ८२°४६' पूर्व असा येतो, म्हणजे थेट छत्तीसगडमध्ये, कोरब्याच्या जवळ. निकोबारचे इंदिरा पॉइंट हिशेबात धरले, तर तो सत्तरहून अधिक किलोमीटर दक्षिणेला सरकतो. मला ही रीत पटत नाही, कारण तिच्यात अरुणाचलच्या एका टोकाला अख्ख्या मध्य प्रदेशाच्या रुंदीइतकेच वजन मिळते.

दुसरी रीत गुरुत्वमध्याची, म्हणजे ज्या बिंदूवर नकाशा तोलून राहील तो शोधण्याची; नकाशा कोठूनही टांगला तरी ओळंब्याची रेघ त्याच बिंदूतून जाते. खजुरी बाजारातून आणलेला वीस सेंटिमीटर उंचीचा नकाशा मी जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापला, कडेला टाचणी खुपसून टांगला आणि दोऱ्याला किल्ली बांधून केलेल्या ओळंब्याबरहुकूम रेघ ओढली. मग आणखी दोन ठिकाणी टांगून तसेच केले. सिलिगुडीपाशी पुठ्ठा इतका चिंचोळा आहे की ईशान्य भारत सारखा वाकत होता, त्यामुळे मागून काडी चिकटवावी लागली. अंदमान तर टांगताच येत नाही. तिन्ही रेघा मध्य प्रदेशात भेटल्या, पण एका बिंदूत नव्हे, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या त्रिकोणात. आणि या नकाशावर तो दाणा म्हणजे प्रत्यक्षात शंभराहून अधिक किलोमीटर! करौंदी त्याच्या काठाशी येते, तर नागपूर सेंटिमीटरभर खाली राहते.

अमेरिकेच्या सर्वेक्षण खात्यानेही १९१८ साली पुठ्ठ्याच्याच रीतीने कॅन्ससमधील लेबॅनन गावाजवळचा बिंदू काढला होता. १९५९ मध्ये अलास्का आणि हवाई ही राज्ये सामील झाली आणि संपूर्ण देशाचे केंद्र साउथ डकोटात बेल फूर्शजवळ गेले. जमीन जागची हलली नव्हती, मोजायचे काय तेवढे बदलले होते.

तेव्हा आपल्या मुलीने वहीत करौंदी जरूर लिहावे, मात्र त्यासोबत कोणती रीत वापरली आणि बेटे धरली की वगळली, हेही नोंदवावे. आजोबा इंदूरला येतील तेव्हा पुठ्ठा त्यांच्याच हाती द्यावा. टाचणीचे भोक थोडे सैल ठेवावे, नाहीतर नकाशा नीट लोंबकळत नाही.