जुन्या बुलेटचं तेल गळणं ब्रीदरची नळी जाड केल्याने थांबेल का?

तुमच्या कास्ट आयर्न 350 बुलेटची पॅकिंगं तीनदा बदलून झाली, तरी टॅपेट कव्हर आणि चेन कव्हरपाशी तेल येतंच, आणि आता कुणीतरी ब्रीदरला, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेला, जाड नळी लावायला सांगितलंय. लावा हवी तर, पण त्याआधी त्या नळीतला व्हॉल्व्ह बघा. माझ्या मते दुखणं तिथे आहे.

या इंजिनचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 70 आणि स्ट्रोक (पिस्टनची खालीवर धाव) 90 मिलिमीटर, म्हणून ते 346 सीसी. हा आकडा आपण पिस्टनच्या वरच्या बाजूचा धरतो, पण पिस्टन खाली येतो तेव्हा क्रँककेसमधली, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पेटीतली, जागाही तेवढीच कमी होते. 3000 आरपीएमला हे सेकंदाला 50 वेळा घडतं. म्हणजे सेकंदाला सुमारे 17 लिटर हवा बाहेर पडू बघते आणि पुन्हा तेवढीच आत शिरू बघते. बोटाएवढ्या नळीतून एवढी ये-जा होत नाही. मग दाब जिथे फट सापडेल तिथून तेल घेऊन निघतो.

लोहाराचा भाता पाहिला असेल तर त्यातली चामड्याची झडप आठवा. ती हवा आत घेते, पण आल्या वाटेने परत जाऊ देत नाही. ब्रीदरला हीच झडप उलटी हवी. ती नीट चालली की काही फेऱ्यांतच जास्तीची हवा निघून जाते. मग पिस्टन तळाला असताना आतला दाब साधारण बाहेरच्याइतका, आणि पिस्टन वर गेला की त्याहून कमी. क्रँककेस सरासरीने आत ओढायला लागली की पॅकिंगमधून तेल बाहेर येईल कशाला?

बऱ्याच बुलेटवर ही झडप म्हणजे बदकाच्या चोचीसारखा रबराचा तुकडा. तेलाने आणि उष्णतेने तो कडक होतो, चोच उघडीच राहते किंवा चिकटून बसते. पावसाळ्यात घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या नळीत तेल-पाण्याची पांढरी मलई साचते, तीही बघा. नळी कुठे झोळीसारखी लोंबत असेल तर पाणी तिथेच थांबतं.

चोचीऐवजी मी पातळ पात्याचा रीड व्हॉल्व्ह लावतो, कारण सेकंदाला 50 वेळा उघड-मीट करायला हलकं पातंच हवं. जड स्प्रिंग-गोळीला ते जमत नाही. आणि तो इंजिनाच्या जितका जवळ तितका चांगला. लांब नळीच्या टोकाला लावला तर मधली हवाच स्प्रिंगसारखी दबते-फुगते आणि व्हॉल्व्हपर्यंत धक्का पोचत नाही. एकदा घाईत मी तो उलटा बसवला होता. इंजिन हवा आत घेत राहिलं, सोडेना. तीन किलोमीटरवर डावा बूट तेलाने भिजला, तेव्हा कळलं.

खर्च करण्याआधी एक चाचणी करा. इंजिन गरम करून स्लोवर ठेवा आणि ब्रीदरच्या टोकाला पातळ प्लास्टिकची पिशवी बांधा. पिशवी नुसती फुगत-पिचकत राहिली तर व्हॉल्व्ह गेलाय. सुरुवातीला थोडी फुगून मग अगदी हळू भरत गेली तर सगळं ठीक. भराभर फुगतच राहिली तर जळलेला गॅस पिस्टनच्या रिंगांवरून खाली येतोय. अशा वेळी ब्रीदर कितीही सुधारा, बोअर-पिस्टनचंच काम निघेल. बाटलीतल्या पाण्यात नळी बुडवून बुडबुडे बघणारेही आहेत. ते करू नका; व्हॉल्व्ह खराब असेल तर पाणी थेट इंजिनात जाईल.

गाडी महिनाभर उभी होती आणि किक मारताच ब्रीदरमधून तेल ओकली, तर तो दोष वेगळा. इंजिन ऑइलच्या टाकीतलं तेल ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं. क्रँककेसखालचा ड्रेन बोल्ट काढून ते बाहेर काढा, मगच चालू करा.

जाड नळीचा सल्ला अगदीच हवेतला नाही. ट्रायम्फच्या जुन्या 650 ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या गाडीत) दोन्ही पिस्टन एकदम खालीवर होतात, त्यामुळे हाच त्रास दुप्पट. तिथे आधी कॅमशाफ्टच्या टोकाला फिरता ब्रीदर होता. 1970 च्या सुमारास कंपनीने तो सोडून क्रँककेसची हवा प्रायमरी चेनकेसमध्ये (क्लचकडे जाणाऱ्या साखळीच्या कव्हरमध्ये) घेतली आणि तिथून जाड नळीने बाहेर काढली. एवढ्या मोठ्या जागेत हवा मंदावते, तेलाचे थेंब खाली बसतात. बुलेटला मात्र यासाठी क्रँककेसला भोकं पाडत बसू नका, व्हॉल्व्हने काम होतं. आणि हे वाचून कुणी जुन्या टू-स्ट्रोक येझदीला किंवा आरएक्स 100 ला ब्रीदर लावायला निघू नये. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसचा दाबच पेट्रोल-हवेचं मिश्रण वर ढकलतो, तिथे एकही फट चालत नाही.

नळीचं टोक कॅच टँकमध्ये (आलेलं तेल साठवणाऱ्या डब्यात) सोडा, निदान मागच्या टायरपासून तरी लांब ठेवा. पिशवीचं काय झालं ते खाली कळवा, मग रिंगा काढायच्या की नाही ते बोलू.