सिल्व्हरटिप घ्यावा की टू-बँड? बॅजरच्या दाढीच्या ब्रशमध्ये खरंच एवढा फरक असतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात राहता, रोज दाढी करता, आजवर सिंथेटिक ब्रश वापरलात. आता हाताने बनवलेला बॅजरचा (बॅजर हे एक जंगली जनावर, त्याच्या केसांचा) एकच चांगला ब्रश घ्यायचाय, तर सिल्व्हरटिप की टू-बँड (हे केसांचे दोन प्रकार), आणि चौपट किमतीला चौपट फरक जाणवतो का?

चौपट नाही जाणवत. दीडपट म्हणा फार तर. आणि तो दीडपट कशात असतो हे दुकानदार सांगत नाही, कारण डब्यावर ते छापलेलंच नसतं.

मी कोण ते आधी सांगतो. भोसरीत टूलरूममध्ये नोकरी, त्यामुळे हातात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) आला की समोरची वस्तू मोजल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्याकडे बॅजरचे पाच ब्रश आहेत. त्यातल्या तिघांच्या मुठी मी स्वतः लेथवर काढल्यात आणि केसांचे गुच्छ विकत आणून त्यांत बसवलेत. (गुच्छाला शौकीन लोक ‘नॉट’ म्हणतात.) घरातल्यांचं यावर काय मत आहे ते विचारू नका.

प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ही नावं ऐकून वाटतं, सोन्याच्या कॅरेटसारखं यांच्यामागे काही माप असेल. तसं काही नाही. प्रत्येक कारखाना आपापल्या मनाने नावं लावतो. एकाचा ‘बेस्ट’ दुसऱ्याच्या ‘सुपर’ला मागे टाकतो. ढोबळमानाने एवढंच खरं की प्युअर म्हणजे गडद आणि जरा टोचरा केस. सिल्व्हरटिप म्हणजे टोकाला पांढरा, मध्ये काळा पट्टा, बुडाशी पुन्हा फिका. टू-बँडमध्ये वर पांढरं आणि खाली मुठीपर्यंत काळं, आणि हा केस सहसा जाड असतो. केस मात्र जवळजवळ सगळ्यांकडे चीनमधूनच येतो, मग मुठीवर इंग्लंडचं नाव असो की जर्मनीचं.

दुसरी गोष्ट, जी मला ग्रेडच्या नावापेक्षा फार महत्त्वाची वाटते: केसांची टोकं कापलेली आहेत का. चांगला गुच्छ बांधणारा माणूस केस टोकं खाली करून वाटीसारख्या साच्यात ठेवतो, ठोकून समान करतो आणि बुडाशी दोऱ्याने आवळतो. घुमटासारखा आकार येतो तो साच्यामुळे. त्यामुळे प्रत्येक केसाचं नैसर्गिक, निमुळतं टोक शाबूत राहतं. स्वस्तातल्या ब्रशला आकार कात्रीने देतात. कापलेला केस बोथट होतो आणि तोच गालाला टोचतो. घड्याळजी वापरतात तसलं भिंग (लूप) घेऊन टोकं बघा, लगेच कळतं. माझा पहिला ‘प्युअर बॅजर’ मी असाच बघितला, तर शेतात ऊस तोडल्यावर बुडखे उरतात तसं दृश्य होतं. विकणाऱ्याचं नाव सांगत नाही, पण त्या ब्रशने मी आता लेथचा बुरा झाडतो.

आता मुख्य मुद्दा, ताठपणा. ब्रश गालावर कसा लागतो यातला मोठा वाटा याचा असतो, आणि याची मला जरा अद्दल घडूनच अक्कल आली.

एकाच लॉटमधले २४ मिलिमीटर जाडीचे दोन टू-बँड गुच्छ मी मागवले होते. दोन सारख्या मुठी काढल्या, पण एकीचं भोक चुकून ५ मिलिमीटर जास्त खोल गेलं. म्हटलं, जाऊ दे, एवढ्याने काय होतंय. एका ब्रशचे केस मुठीवर ५२ मिलिमीटर उभे राहिले, दुसऱ्याचे ४७. ही जी मुठीवरची केसांची उंची असते तिला लॉफ्ट म्हणतात. दोन्ही ब्रश एकाच सकाळी, एकाच साबणाने, एकेका गालावर वापरले. विश्वास बसणार नाही इतके वेगळे! ५२ वाला गालावर दाबला की पसरायचा आणि सोडला की परत उभा राहायचा, अगदी हवा तसा. ४७ वाला वाकायलाच तयार नाही. डाव्या गालाला भांडी घासतोय असं वाटलं.

मग डोक्यात प्रकाश पडला. केस म्हणजे काय, एका टोकाला घट्ट धरलेली बारीक गोल काडीच. अशी काडी किती वाकेल हे तिच्या मोकळ्या लांबीच्या घनावर ठरतं. ५२ च्या घनाला ४७ च्या घनाने भागा, १.३५ येतात. म्हणजे ५ मिलिमीटर खाली गेल्यावर केस सुमारे ३५ टक्के ताठ झाला. जाडीचं गणित तर चौथ्या घाताचं आहे. केस १० टक्के जाड असला की तो ४६ टक्के जास्त ताठ. टू-बँड आणि सिल्व्हरटिप यांच्यातला फरक गालाला एवढा का जाणवतो, ते यातून कळलं. डोळ्याला दोन्ही केस सारखेच बारीक दिसतात.

म्हणून कुठलाही ब्रश घेताना ग्रेडच्या आधी दोन आकडे विचारा: गुच्छाची जाडी किती आणि लॉफ्ट किती. लॉफ्ट जाडीच्या दुपटीहून जरासा जास्त असेल तर ब्रश मधल्या चालीचा. दुपटीच्या बराच वर गेला की लुळा, खाली आला की ताठ. केस किती गच्च भरलेत हेही आहेच, पण ते फोटोवरून कळत नाही. हातात घेऊन मुळाशी चिमटीत दाबून बघावं लागतं. कोरड्या ब्रशवरून बोट फिरवून ‘वा, काय मऊ आहे’ म्हणण्यात मात्र काही अर्थ नाही. ओला झाल्यावर तो पार वेगळं वागतो.

माझा सिल्व्हरटिप २४ बाय ५८ (जाडी बाय लॉफ्ट, मिलिमीटरमध्ये) आहे. ओला करून फेस घेतला की गालावर साय फिरवल्यासारखं वाटतं. टोकं जाणवतच नाहीत. थंडीत, गाल फुटलेले असताना, याच्यासारखं सुख नाही. पण घट्ट वडीच्या साबणावर तो नुसता लोळतो, साबण उचलत नाही. शिवाय पाणी एवढं धरतो की थोडं दुर्लक्ष झालं तर कोपरापर्यंत ओघळ. वाटीत फेस करायचा, क्रीम वापरायचं, तर उत्तम. टू-बँडची गंमत वेगळी. त्याची टोकं मऊ, पण मागे दांडगा जोर, आणि गोल फिरवताना हलकंसं खाजवल्याचं समाधान मिळतं. मानेवर, जिथे माझी खुंटं उलट्या दिशेने वाढतात, तिथे तो केस उभे करतो आणि वस्तऱ्याचं काम सोपं होतं. माझी दाढी राठ आहे म्हणून मी याच्या बाजूने बोलतोय, हे लक्षात ठेवा. तुमची कातडी नाजूक असेल तर हेच खाजवणं दोन दिवसांत लाल चट्टे आणेल.

औंधच्या एका मित्राने हौसेने सिम्प्सन कंपनीचा ‘चबी’ नावाचा ब्रश आणि फ्रान्सच्या प्लिसाँचा एक जुना ब्रश असे दोन्ही जमवलेत. त्याच्याकडे रविवारी जाऊन दोन्हींनी दाढी केली. हो, लोक मिसळ खायला जातात, आम्ही दाढी करायला. सिम्प्सन १९१९ पासूनचे, प्लिसाँ १८०८ पासूनचे. चबी म्हणजे आखूड, जाडजूड, गच्च भरलेला, पैलवान गडी. साबण खातो भरपूर आणि फेस पोटातच ठेवतो, दाबल्याशिवाय देत नाही. प्लिसाँ उंच, मोकळा, हातात आला की लगेच फेस सोडणारा. कारागिरी दोन्हींची अप्रतिम, एक केस गळला नाही. पण खरं सांगू? तिसऱ्या मिनिटाला मी किंमत विसरलो होतो आणि माझ्या ५२ वाल्याची आठवण काढत होतो.

आता पुण्याचा म्हणून एक मुद्दा, जो परदेशी लोकांच्या तुलनांमध्ये तुम्हाला सापडणार नाही. मी कोथरूडला राहतो. खडकवासल्याचं पाणी मऊ, साबणाला लगेच फेस येतो. लेक वाघोलीला. तिच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. तिच्याकडे मुक्कामाला गेलो तेव्हा तोच ब्रश, तोच साबण, आणि फेस म्हणजे ताकावरचं पाणी. मला वाटलं ब्रश बिघडला. बिघडलं काहीच नव्हतं. जड पाण्यातल्या क्षारांशी साबणाची गाठ पडली की फेसाऐवजी पांढरा साका तयार होतो. हा साका केसांच्या मुळाशी साचून काही महिन्यांत चांगला मऊ ब्रश खराट्यासारखा करतो. एक भाग पांढरं व्हिनेगर, दहा भाग पाणी, त्यात दहा मिनिटं ठेवून धुवा, पुन्हा मऊ होतो. तुमच्याकडे टँकर येत असेल तर दाढीपुरतं मगभर फिल्टरचं पाणी घ्या. महागड्या ब्रशपेक्षा त्याने जास्त फरक पडेल.

मुठीबद्दल फार बोलत नाही. हातात बसली पाहिजे आणि ओल्या बोटांतून निसटता कामा नये, बस्स. लाकडाची दिसते छान, पण बाथरूममध्ये शेवटी तडकते. माझी सागवानी तडकली. डेलरिनच्या (हे एक टणक प्लास्टिक) रॉडमधून काढलेली अजून नवीकोरी आहे. तिचीही एक फजिती झाली होती. डेलरिनला इपॉक्सी गोंद धरत नाही हे माहीत असूनही मी आळस केला, आणि एका सकाळी मूठ हातात आणि गुच्छ गालावर. नंतर भोकाच्या आत खाचा पाडून पुन्हा बसवला, तो आजही घट्ट आहे.

एक गोष्ट विचारली नाहीत तरी सांगतो. बॅजरचा केस मेंढीच्या लोकरीसारखा कातरून मिळत नाही, जनावर मारूनच मिळतो. आपल्याकडे चित्रकारांच्या ब्रशसाठी मुंगसं मारली जात, त्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बंदी आहे. त्याबद्दलची एक बातमी वाचली तेव्हापासून मी बॅजरचा नवा गुच्छ घेतलेला नाही. जर्मनीच्या म्यूलेसारख्या जुन्या कंपनीनेही बॅजर सोडला. आजचे चांगले सिंथेटिक गुच्छ टोकाला इतके मऊ असतात की डोळे मिटून मला दहातले सातच वेळा ओळखता आले. पाणी कमी धरतात आणि पावसाळ्यात तासाभरात वाळतात. जुलैमध्ये बॅजर दुसऱ्या सकाळीही दमट असतो, त्याला कुबट वास धरतो. तुमच्याकडे सिंथेटिक आहेच, तर हेही मनात धरा.

तरीही बॅजरच घ्यायचा ठरला असेल, तर राठ दाढी, वडीचा साबण आणि थेट गालावर फेस करायची सवय असेल तर टू-बँड घ्या, २४ बाय ५० ते ५२. क्रीम, वाटी आणि नाजूक कातडी असेल तर सिल्व्हरटिप, पण लॉफ्ट ५५ च्या वर नको. पहिल्यांदा घेताना २६ च्या पुढच्या जाडीच्या नादी लागू नका. नाकाखाली फेस लावताना तोंडात जातो.

आणि आल्या आल्या वापरू नका. नव्या बॅजरला ओल्या कुत्र्याचा वास येतो, पाच-सात दिवस तरी. साबणाचा दाट फेस करून रात्रभर ब्रशवर तसाच ठेवायचा, सकाळी कोमट पाण्याने धुवायचा, असं तीन-चारदा करा. उकळतं पाणी चुकूनही नको, केसही जातात आणि गोंदही सैल होतो. सुरुवातीला पाच-दहा केस गळतील, ते चालतं. महिन्यानंतरही गळत असतील तर गुच्छ नीट बांधलेला नाही, परत करा. वास जाईपर्यंत ब्रश गॅलरीत ठेवा. आमच्याकडे तो फ्रिजवर ठेवला होता, तर बायकोने आख्खा फ्रिज रिकामा करून पुसला आणि मग वास कुठून येतोय ते तिला कळलं.