फ्रेंचमध्ये म्हणे शिकणे आणि शिकवणे यांना एकच शब्द आहे. मग मराठीत दोन का?

तुम्ही ऐकलंत ते बरोबर आहे. फ्रेंच 'अप्राँद्र' दोन्हीकडे चालतं. कोण कोणाला, ते वाक्यावरून कळतं. डच 'लेरेन'चंही तेच. रशियनमध्ये 'उचीत' दोन्ही अर्थांनी येतं, आणि 'मी शिकतोय' म्हणायला बहुधा त्यालाच शेपूट लावून 'उचीत्स्या' करतात.

पण मराठीत दोन शब्द आहेत हे मला तितकंसं मान्य नाही. 'शिकवणे' हे 'शिकणे'चंच प्रयोजक रूप. बसणे-बसवणे, रडणे-रडवणे, तसंच. मी मुंबई महापालिकेच्या शाळेत 22 वर्षं शिकवलं. या शाळा आठ माध्यमांच्या आहेत, आणि आमच्या इमारतीत तीन माध्यमं नांदत होती, त्यामुळे हा नाद लागला. कन्नड बाई सांगायच्या, 'कलि' म्हणजे शीक, 'कलिसु' म्हणजे शिकव. तमिळमध्ये 'कल्'चं 'कर्पि'. पार हिब्रूतसुद्धा 'लामद' शिकला, 'लिम्मेद' शिकवलं. मुळाक्षरं तीच.

वरच्या मजल्यावरच्या उर्दूच्या सरांशी मात्र एकदा घोटाळा झाला. ते म्हणाले, "बच्चों की तालीम का सवाल है." मला वाटलं गॅदरिंगच्या नाटकाबद्दल बोलतायत. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिकवणं, ज्ञान देणं. तो मराठीत आला आणि दादरला नाटकवाल्यांच्या हाती लागला, कोल्हापुरात पैलवानांच्या. 'शिक्षा'ची कथा तुम्हाला माहीत असेलच: हिंदीत ती मंत्रालयात बसते, आपल्याकडे बाकावर उभी राहते. गुजरातीत शाळेत जाऊन शिकणं म्हणजे 'भणवुं'. संस्कृत 'भण्' म्हणजे बोलणे, त्यातूनच आपलं 'म्हणणे' आलं. पाढे म्हणणारी पोरं आठवली की हे नातं लगेच पटतं.

आता खरी गंमत. "मी त्याला रडवलं, पण तो रडला नाही" हे वाक्य कोणी बोलणार नाही. रडवलं म्हणजे समोरचा रडलाच पाहिजे. पण "मी शिकवलं, पण तो शिकला नाही" हे आमच्या स्टाफरूममध्ये रोज ऐकू यायचं आणि कोणालाच खटकायचं नाही! रूप प्रयोजक, पण परिणामाची हमी नाही. आणि तीही विषय बघून. "भागाकार शिकवला, पण शिकला नाही" चालतं. "सायकल शिकवली, पण शिकला नाही" माझ्या कानाला जरा लंगडं वाटतं. सायकल शिकवली म्हणजे पोरगं सुटलंच असेल, असं आपण धरून चालतो. हिंदीवाल्यांनी इथे सरळ वाटणी केली आहे: गणित 'पढ़ाते हैं', सायकल 'सिखाते हैं'. पढ़ाया म्हणजे तास घेतला, पुढचं पोराचं नशीब. शिक्षकाच्या सोयीचा शब्द आहे. आपल्याला तो नाही, म्हणून आपल्यावर बोट रोखलं जातं.

शिवाय मराठीत शिकून झाल्यावर माणूस कर्ता राहतच नाही. 'मी पोहणं जाणतो' असं आपण म्हणत नाही, 'मला पोहता येतं' म्हणतो. विद्या येते, आपण नुसते 'मला'. एका पालकसभेत एक आई मुलाला माझ्यापुढे उभं करून म्हणाली, "सर, भागाकार शिकवलात ना? मग याला येत कसा नाही?" मी काही बोलायच्या आत पोरगाच म्हणाला, "येतो गं. घरी येतो. शाळेत येत नाही."