लपणात बसायचं, तर धनुष्याला जागा किती हवी?

ऑक्टोबर तोंडावर आला की या पानाकडे येणाऱ्या पत्रांत धनुष्यबाणाचे प्रश्न वाढतात. यंदा बहुतेकांनी लपण (शिकारीसाठी लपून बसायचा आडोसा) आणि भाता या दोनच गोष्टी विचारल्या आहेत, आणि विचारणारे बरेचसे कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) सोडून साध्या धनुष्याकडे वळलेले आहेत. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : मिशिगनमध्ये १ ऑक्टोबरला हरणांचा धनुष्याचा हंगाम सुरू होतो. आजवर कंपाउंड वापरलं, यंदा ६६ इंची लाँगबो (लांब, साधं धनुष्य) घेतला आहे. गुडघ्यामुळे झाडावरच्या मचाणावर चढवत नाही, त्यामुळे जमिनीवर बसायचं ठरवलंय. दुकानात तंबूसारखे घडीचे ब्लाइंड आहेत, पण छपाईचे इतके प्रकार की गोंधळायला होतं. कोणता घ्यावा? – एक वाचक, ॲन आर्बर

उत्तर : छपाईचा विचार सगळ्यात शेवटी करा. हरणाला केशरी-लाल रंग आपल्यासारखे दिसत नाहीत, निळा मात्र चांगला दिसतो. पानं ओकची छापलीत की पाइनची, याचं त्याला काही नाही. ते हालचाल टिपतं, आणि वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर वासानेच ओळखतं.

तुमच्यापुढचा खरा प्रश्न उंचीचा आणि रुंदीचा आहे. कंपाउंड आखूड असतं, आणि पूर्ण ओढल्यावर त्यातला जवळपास ८० टक्के ताण हातावरून उतरतो. त्यामुळे आत बसून, ओढून, हरीण वळेपर्यंत थांबता येतं. लाँगबो पूर्ण ओढला की सगळं वजन बोटांवर असतं. म्हणजे ओढणं आणि सोडणं एका दमात व्हायला हवं, आणि त्या वेळी वरचं टोक छताला घासलं तर बाण कुठे जाईल सांगता येत नाही. हरीण जखमी होऊन निघून जाणं मला कोणत्याही रिकाम्या हंगामापेक्षा वाईट वाटतं, म्हणून या मुद्द्यावर मी अडून बसते.

दुकानात जाण्याआधी घरी एक मोजमाप करा. जे स्टूल नेणार तेच दिवाणखान्यात ठेवा आणि अंगात जाड जाकीट घालून बसा. बाण न लावता दोरी ओढा, पण सोडू नका, हळूच मागे न्या. रिकामी दोरी सुटली तर धनुष्य फुटू शकतं. ओढलेल्या स्थितीत घरातल्या कुणाला तरी टेप घेऊन जमिनीपासून वरच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. धनुष्य सरळ धरून एकदा, तिरकं धरून एकदा. सोळा-सतरा इंची स्टुलावर बसलं तर ६६ इंची लाँगबोचं टोक सरळ धरल्यावर जवळजवळ ७० इंचांवर जातं, आणि तिरकं केलं की चार-पाच इंच खाली येतं. आता ब्लाइंडच्या पाटीवरची उंची वाचा. ती मधोमधची असते. छत भिंतींकडे उतरतं आणि तुम्ही काही बरोबर मध्यावर बसणार नाही. म्हणून तुमच्या मापापेक्षा निदान सहा इंच जास्त उंचीचा घ्या.

रुंदीचं माप लोक विसरतात. बाण खिडकीबाहेर डोकावता कामा नये, म्हणजे तुम्ही खिडकीपासून मागे बसणार. ओढल्यावर उजवं कोपर आणखी मागे जाणार. पाच फुटी ब्लाइंडमध्ये ते मागच्या कापडाला टेकतं आणि ओढ अर्धवट राहते. साडेसहा फूट रुंद असला तर श्वास घेता येतो.

खिडकी बघताना एक बारकावा लक्षात ठेवा. साध्या धनुष्याने बाण तोंडाच्या कोपऱ्याशी धरून मारतात, म्हणजे तो डोळ्यापेक्षा चार-पाच इंच खाली असतो. डोळ्याला हरणाची छाती मोकळी दिसते, आणि बाण मात्र खिडकीच्या खालच्या काठाच्या रेषेत असतो. म्हणून खिडकीची खालची कड हवी तितकी खाली सोडता येईल असाच ब्लाइंड निवडा, आणि दोरी ओढण्याआधी नजर बाणाच्या टोकावरून कडेपर्यंत फिरवा. स्टूल असं वळवा की दोन्ही गुडघे हरणाच्या उजवीकडे राहतील (तुम्ही डावखुरे असाल तर उलट). नाहीतर धनुष्य तिरकं केलं की खालचं टोक डाव्या मांडीवर आपटतं.

आतलं अस्तर काळं असतं, तेव्हा कपडेही काळे घाला, चेहरा-हात झाका आणि मागच्या खिडक्या बंद ठेवा. मागून उजेड आला की तुमची सावली पडद्यावर दिसावी तशी दिसते. ब्लाइंड स्वतःच्या किंवा ओळखीच्या शेतात असेल तर हंगामाआधी दोन-तीन आठवडे उभा करा, भोवती तिथल्याच फांद्या खोचा आणि दोऱ्या ताणून बांधा. हरणांना नवी वस्तू खटकते. टर्कीला मात्र काही वाटत नाही, तिच्यासाठी त्याच सकाळी उभारला तरी चालतो.

इतकं सांगून माझी आवड सांगते. मला कापडाचं घर नकोच वाटतं. खुंट्या लावून उभी करायची, वरून उघडी, कमरेएवढी कापडी भिंत मिळते. ती एखाद्या उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांपुढे रोवायची, मागे मुळांचा काळा गड्डा, पुढे कापड, मध्ये स्टूल. डोक्यावर छत नाही, धनुष्याला आभाळ मोकळं. पाऊस आणि वारा सोसावा लागतो आणि हालचाल लपत नाही, म्हणून हरणाचं डोकं झाडाआड गेल्याशिवाय हात उचलायचा नाही. गुडघा परवानगी देत असेल तर हेच करून बघा, खर्चही कमी.

प्रश्न : खिडकीच्या जाळीतून बाण मारता येतो असं पाकिटावर लिहिलंय. खरं का? – कलामझू

उत्तर : स्थिर पात्याच्या ब्रॉडहेडने (शिकारीच्या बाणाच्या धारदार टोकाने) मारता येतो, उघडणाऱ्या पात्याने कधीच नाही, ती जाळीतच उघडतात. पण पिसांचा बाण जाळीतून जाताना थोडा तरी ढळतो. लाँगबोचा बाण सेकंदाला साधारण १७० फूट वेगाने जातो, कंपाउंडइतकी ताकद त्याच्यामागे नसते. मी मारायच्या खिडकीची जाळी उतरवते, बाकीच्या राहू देते.

प्रश्न : वडिलांसारखा पाठीवरचा चामड्याचा भाता घ्यायची फार हौस आहे. पण इथले मित्र म्हणतात धनुष्यावर बसणाराच घे. लपणात कोणता बरा? – एक वाचक, लान्सिंग

उत्तर : पाठीवरचा भाता दिसतो देखणा, आणि चालत लक्ष्यांवर बाण मारत जायचं असेल तर त्याच्यासारखा हात दुसऱ्या कशात बसत नाही. शिकारीत तीन अडचणी येतात. वाकलात की बाण घरंगळतात. बाण काढायला हात खांद्यावरून वर जातो आणि ती हालचाल हरीण बघतंच. शिवाय पाती आत एकमेकांवर घासतात. धार बोथट होते, आवाज होतो, आणि पडलात तर उघडी पाती मानेशेजारी असतात. ब्रॉडहेड लावलेला बाण पात्यावर टोपी असल्याशिवाय न्यायचाच नाही, ही माझी अट आहे.

धनुष्यावरच्या भात्यात पाती जाड टोपीत बुडालेली असतात आणि बाण हाताशी राहतात. मात्र धनुष्याचं वजन आणि तोल बदलतो. भाता लावून मारणार असाल तर सरावही भाता लावूनच करा. लपणात तो अडचणीचाच, कारण पिसं खिडकीच्या कडेला घासतात. म्हणून दोन भागांत, रबरी पट्ट्यांनी सरकवून बसवायचा घ्या. बसल्यावर काढायचा, उजव्या हाताला काठीवर अडकवायचा, पिसं वर, पाती खाली. एक बाण दोरीवर, दोन-तीन भात्यात, बस्स. कमरेचा भाता बसल्यावर स्टुलाला टेकून बाण तिरके होतात. बगलेत अडकवायचा मात्र चांगला. चालताना काखेखाली राहतो, झुडपातून जाताना पिसं मागे वळतात, बसल्यावर उतरवून मांडीशेजारी ठेवता येतो. तुमच्या जागी मी बगलेतलाच घेतला असता.

टोपीत फोम असेल तर पावसाचं पाणी तो धरून ठेवतो आणि कार्बन पोलादाच्या पात्यांवर एका रात्रीत गंज चढतो. धारेवर व्हॅसलीनचं पातळ बोट फिरवा आणि घरी आल्यावर फोम सुकू द्या. पिसं टर्कीची असतात, भिजली की चपटी होऊन बाण वाकडा जातो. घरातून निघताना साधी प्लॅस्टिकची पिशवी पिसांवर सरकवा आणि लपणात बसल्यावर काढा. पिसांऐवजी प्लॅस्टिकचे पंख लावावेत असं वाटेल, पण साध्या धनुष्यावर बाण मुठीवरच्या फळीवरून थेट सुटतो, तिथे ते पंख धडकतात. म्हणून पावसाला कंटाळून पिसं बदलू नका, पिसं सांभाळा.

प्रश्न : ह्युरॉन-मॅनिस्टीच्या राष्ट्रीय जंगलात ब्लाइंड लावून ठेवला तर चालतो का? – ग्रँड रॅपिड्स

उत्तर : घडीचा ब्लाइंड सार्वजनिक जमिनीवर रोज घरी न्यायचा असतो. जागेवरच्या वाळक्या फांद्यांचा आडोसा करायला हरकत नसते, खिळे-तारा मात्र नकोत. दर वर्षी नियमपुस्तिका बदलते, त्या वर्षीची राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाची पुस्तिका वाचूनच निघा. १ जानेवारी १९६० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षणही लागतं. आणि १५ ते ३० नोव्हेंबर बंदुकीचा हंगाम असतो. त्या दिवसांत धनुष्य घेऊन गेलात तरी अंगावर केशरी हवं, आणि ब्लाइंडच्या बाहेरही चारही बाजूंनी दिसेल असं केशरी कापड बांधा. कापडाच्या आत बसलेला माणूस बाहेरच्याला दिसत नाही.

प्रश्न : मामा मिशिगनला आहे, त्याच्याकडे हे पान वाचतो. मी सतरा वर्षांचा आहे, माझ्याकडे रिकर्व्ह (टोकं बाहेर वळलेलं धनुष्य) आहे. आमच्या उसात रानडुकरं येतात. लपण करून मारू का? – सातारा

उत्तर : नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२पासून आहे, आणि स्वतःच्या शेतात असलं तरी लेखी परवानगीशिवाय वन्यप्राण्याची शिकार त्यात गुन्हाच आहे. उसाचं नुकसान होत असेल तर घरच्या मोठ्यांनी वनविभागाकडे पंचनामा मागावा.

पण तुझ्याजवळ रिकर्व्ह आहे आणि तू साताऱ्यात आहेस, हे फार चांगलं आहे. २०२३मध्ये बर्लिनला तुझ्याच जिल्ह्याची अदिती स्वामी जागतिक विजेती झाली तेव्हा तीही सतराच वर्षांची होती. प्रशिक्षकाकडे जा, कागदी लक्ष्यावर मार. लपणाची हौस असेल तर ते बांधावर कर आणि आत कॅमेरा घेऊन बस, उसाच्या कडेला पक्षी पुष्कळ येतात.